हॅकरला नोकरी द्या, हॅकिंगला नको

नाशिकच्या सहकारी संस्थांमध्ये आणि आयटीवाल्यांच्या वर्तुळात सध्या एक वाद रंगला आहे. एका पतसंस्थेने आपली संगणक यंत्रणा तपासायचं काम एका छोट्या कंपनीला दिलं. तपासायला आलेल्या पोरांपैकी एकावर काही वर्षांपूर्वी सायबर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झालेला होता. संचालकांपैकी कुणाला तरी ते कळलं आणि विषय बैठकीच्या खोलीबाहेर पडला. आता अंबडच्या कारखानदारांपासून कॉलेज रोडच्या क्लासवाल्यांपर्यंत ज्याला त्याला यावर मत आहे. एक बाजू म्हणते, चोराची पावलं चोरच ओळखतो, काट्यानेच काटा काढावा. दुसरी म्हणते, हे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. दोन्ही म्हणी ठसकेबाज आहेत आणि बहुतेकांचा युक्तिवाद तिथेच संपतो. म्हण टाकली की समोरचा गप्प बसतो, एवढाच काय तो फायदा.

माझं मत आधीच सांगतो. कधीकाळी हॅकिंग केलेल्या माणसाला सुरक्षेच्या कामावर घ्यायला माझी हरकत नाही. त्याने हॅकिंग केलं म्हणून त्याला घेण्याला आहे. जुन्या गुन्ह्याने दार कायमचं बंद होऊ नये, आणि तो गुन्हा पदवीच्या प्रमाणपत्रासारखा फ्रेम करून भिंतीवर लावलाही जाऊ नये. शिवाय ज्या संस्थेची सगळी सुरक्षा एखाद्या माणसाच्या चारित्र्यावर टेकलेली आहे, तिने त्याचा भूतकाळ उकरण्याआधी स्वतःच्या कारभाराकडे बघावं. या वादात तेवढं सोडून बाकी सगळं बोललं जातंय.

पहिली म्हण आधी घेऊ. चोराच्या युक्त्या चोरालाच कळतात, हे खरं आहे का? इंग्लंडमध्ये 1818 साली चब नावाच्या कुलूपवाल्याने एक नवं कुलूप काढलं. कुणी ते उघडायचा प्रयत्न केला की आतली एक पट्टी अडकून बसायची आणि मालकाला कळायचं की छेडछाड झाली आहे. त्याची परीक्षा घ्यायला सरकारने कुणाला निवडावं? पोर्ट्समथच्या बंदरात उभ्या असलेल्या तुरुंग-जहाजावरचा एक कैदी. तो मूळचा कुलूप बनवणारा कारागीर होता आणि हाती पडेल ते कुलूप उघडण्याबद्दल त्याची ख्याती होती. चबचं कुलूप उघडलं तर चबकडून 100 पौंड आणि सरकारकडून माफी, असं ठरलं. सोबत नमुन्याचं कुलूप खोलून बघायची मुभा, हवी ती हत्यारं. दोन-तीन महिने झटून त्याने हात टेकले. पुढे तीसेक वर्षं ते कुलूप अभेद्य मानलं गेलं. मग 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनाला अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा माणूस आला आणि साक्षीदारांसमोर त्याने ते सुमारे 25 मिनिटांत उघडून दाखवलं. त्याच वर्षी ब्रामा कंपनीचं कुलूपही त्याने उघडलं. पिकॅडिलीच्या दुकानात साठएक वर्षं 200 गिनींच्या आव्हानासह ते लटकत होतं. त्याला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले. हॉब्ज चोर नव्हता. तो कुलपांच्या धंद्यातला सरळ माणूस होता.

म्हणजे मुरलेला कैदी हरला आणि कधी कुणाच्या घरात न शिरलेला माणूस जिंकला. एका किश्श्यावरून सिद्धांत मांडू नये, हे मला मान्य आहे. पण 'चोरालाच ठाऊक' या म्हणीतला 'च' खोडायला एवढा किस्सा पुरतो. शिवाय कैद्याची ती परीक्षा कशी घेतली तेही बघण्यासारखं आहे. कुलूप नमुन्याचं होतं, त्यामागे कुणाची तिजोरी नव्हती. बनवणाऱ्याची परवानगी होती आणि बक्षीस आधी ठरलेलं होतं. आज ज्याला बग बाऊंटी म्हणतात, म्हणजे यंत्रणेतली फट शोधून कळवणाऱ्याला कंपनीने दिलेलं बक्षीस, ती याहून फार वेगळी नाही. सरकारने कैद्याचं कसब वापरलं, पण त्याला कुठल्या कोषागाराच्या पहाऱ्यावर बसवलं नाही.

आता या बाजूचा जो खरा मुद्दा आहे तो मान्य करायला हवा. हल्लेखोराच्या डोक्याने विचार करता आला नाही तर बचाव नुसता कागदावर राहतो. आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी कागदावरच असतो. छोट्या संस्थांमधला व्हीएपीटीचा, म्हणजे यंत्रणेतल्या फटी शोधायच्या तपासणीचा, अहवाल ज्याने पाहिला असेल त्याला सांगायला नको. एक तयार टूल चालवायचं, त्यातून निघालेल्या ऐंशी पानांवर आपला लोगो लावायचा, लाल-पिवळे गोल काढायचे आणि बिल पाठवायचं. संस्थेला ऑडिटच्या फाइलला लावायला कागद मिळतो. अशा कारभारात एखादा पोरगा येतो, लॉगिन केल्यावर पानाच्या पत्त्यात दिसणाऱ्या ग्राहक क्रमांकातला एक आकडा बदलतो आणि दुसऱ्याच सभासदाचं कर्जखातं उघडून दाखवतो. मग व्यवस्थापकाच्या तोंडचं पाणी पळतं आणि सगळे म्हणतात, याला ठेवा. मीही म्हणेन. पण ही नजर त्याला कुणाचं तरी खातं लुटूनच आली असेल, असं का धरून चालायचं?

एकेकाळी त्यालाही कारण होतं. रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने 2 नोव्हेंबर 1988 ला इंटरनेटवर आपला वर्म, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपणहून पसरणारा प्रोग्राम, सोडला, तेव्हा असले प्रयोग करायला वेगळं मैदान नव्हतं. मोठी यंत्रं विद्यापीठांत आणि लष्कराकडे. शिकायचं तर कुणाच्या तरी चालत्या यंत्रावर. त्याला तीन वर्षं प्रोबेशन, 400 तास समाजसेवा आणि दंड झाला. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. केव्हिन मिटनिक या गाजलेल्या अमेरिकन हॅकरचा काळही तोच. आज सिन्नरच्या मुलाला एका जुन्या लॅपटॉपच्या आत पाच आभासी यंत्रं उभी करता येतात, मुद्दाम फटी ठेवलेले सर्व्हर फुकट उतरवता येतात आणि रात्रभर ते फोडत बसता येतं. कुणाच्या पैशाला धक्का लागत नाही. याच नाशिकमध्ये 2015 च्या सिंहस्थाआधी कुंभथॉन झाला, एमआयटी मीडिया लॅबची माणसं आली, इथल्या पोरांनी गर्दी मोजण्यापासून आरोग्यापर्यंत कितीतरी गोष्टी करून बघितल्या. ज्या शहराला हे जमलं त्या शहरात 'शिकायला दुसरी वाटच नव्हती' ही सबब 1988 इतक्या जोरात देता येत नाही.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद मला जास्त वजनदार वाटतो, आणि गंमत म्हणजे ती बाजूच तो नीट मांडत नाही. 'एकदा चोर तो कायमचा चोर' एवढ्यावर ती थांबते. खरं तर तिच्याकडे अल्बर्ट गोन्झालेस आहे. कार्डचोरीत 2003 साली पकडलेल्या या तरुणाला अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने खबऱ्या केलं, वर्षाला 75,000 डॉलरपर्यंत पैसे दिले, त्याच्या मदतीने 2004 मध्ये चोरांचा एक मोठा अड्डा उद्ध्वस्त केला. सरकारचा पगार चालू असतानाच तो टीजेएक्स या दुकानसाखळीच्या यंत्रणेतून कार्डांचे तपशील पळवत होता. पुढे कार्डांचे व्यवहार हाताळणाऱ्या हार्टलँड कंपनीतून सुमारे 13 कोटी कार्डांचे क्रमांक गेले, त्यामागेही तोच. पोलिसांची नजर कुठे आहे हे त्याला आतून कळत होतं, म्हणजे नोकरीने त्याची धार बोथट केली नाही, उलट लावून दिली. 2010 मध्ये त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली. याचं जुनं रूप बघायचं तर अठराव्या शतकातल्या लंडनचा जोनाथन वाइल्ड. चोर पकडून देणारा म्हणून शहरभर नावाजलेला, चोरीचा माल शोधून परत आणून देणारा, आणि चोऱ्या करणारी टोळीही त्याचीच. 1725 मध्ये त्याला फाशी दिली तेव्हा कुठे लंडनकरांना कळलं की आपण आपलाच माल इतकी वर्षं विकत घेत होतो.

याहून मला टोचणारा मुद्दा निराळा आहे, तो न्यायाचा. जर्मनीतल्या स्वेन याशान या पोराने नेटस्काय आणि सॅसर हे वर्म लिहिले. सॅसरमुळे ब्रिटनच्या तटरक्षक केंद्रांना संगणक बाजूला ठेवून कागदी नकाशे काढावे लागले. मे 2004 मध्ये त्याला अटक झाली आणि त्याच सप्टेंबरात, खटला उभा राहायच्या आत, सिक्युअरपॉइंट नावाच्या कंपनीने त्याला शिकाऊ म्हणून घेतलं. एका अँटीव्हायरस कंपनीने निषेध म्हणून सिक्युअरपॉइंटशी असलेलं सहकार्य तोडलं. त्यांनी सोवळेपणा केला असं तेव्हा काहीजण म्हणाले. मला नाही वाटत. त्याच वयाची जी हजारो पोरं रात्री जागून शिकली आणि कुणाच्या यंत्राला हात न लावता बाहेर पडली, त्यांनी त्या सप्टेंबरात काय धडा घ्यायचा होता? की अर्ज करण्यापेक्षा बातमीत येणं सोपं? आपल्याकडे हा धडा क्लासवाले खुलेआम शिकवतात. भिंतीवर काळा हुडी घातलेल्या बिनचेहऱ्याच्या माणसाचं चित्र आणि खाली 'हॅकर बना'. मिटनिकने पाच वर्षं तुरुंगात काढली आणि नंतर आयुष्यभर कंपन्यांना सावध करायचं काम केलं, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्याचं धातूचं व्हिजिटिंग कार्ड, ज्याच्या पट्ट्या मोडून कुलूप उघडायची हत्यारं व्हायची, तेही आठवतं. गुन्हा भोगून संपवणं वेगळं आणि त्याचं दुकान थाटणं वेगळं. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या नजरेने ते कार्ड कुणी बघितलं होतं का?

एवढं सगळं मान्य केल्यावर मी त्या संचालकांच्या बाजूला जाऊन बसायला हवं. पण तिथे जाऊन बसवत नाही, आणि त्याचं कारण परदेशात शोधायला नको. ते नाशिक रोडला आहे. सिक्युरिटी प्रेसमध्ये मुद्रांक, पोस्टाची तिकिटं, पासपोर्ट छापले जातात. आत जाणाऱ्या-येणाऱ्याची झडती होते, कामगाराच्या सात पिढ्यांची पडताळणी होते असं गावात म्हणतात. अब्दुल करीम तेलगीने मुद्रांक घोटाळ्यासाठी छपाईची यंत्रं कुठून मिळवली? याच प्रेसमधून मोडीत काढलेली यंत्रं त्याच्या हाती लागली, आणि त्यात आतल्यांची साथ होती असं तपासात पुढे आलं. भिंत फोडून कुणी आत शिरलं नव्हतं. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि त्या कुंपणाच्या प्रत्येक काठीवर चारित्र्याचा दाखला चिकटवलेला होता. पुण्यात तर 2022 मध्ये पोलिसांनीच एका माजी पोलीस अधिकाऱ्याला आणि एका सायबर तज्ज्ञाला अटक केली. बिटकॉइनच्या फसवणुकीच्या तपासात मदत करायला त्यांना बोलावलं होतं आणि जप्तीतल्या आभासी चलनावर त्यांनीच हात मारला, असा आरोप आहे. न्यायालयात काय व्हायचं ते होईल. पण त्यांना बोलावताना कुणाच्या मनात 'माजी हॅकर' हा शब्द आला नसणार. उबर कंपनीचा तेव्हाचा सुरक्षाप्रमुख जोसेफ सलिव्हन हा तर पूर्वी सायबर गुन्ह्यांचे खटले चालवणारा सरकारी वकील. 2016 मध्ये 5 कोटी 70 लाख लोकांची माहिती चोरीला गेली, तेव्हा त्याने चोरांना एक लाख डॉलर बग बाऊंटीच्या नावाखाली देऊन प्रकरण दाबलं आणि 2022 मध्ये तो दोषी ठरला.

गोन्झालेसकडे बोट दाखवणाऱ्यांना मी ही दुसरी यादी दाखवतो. ते म्हणतील, दोन्हीकडे अपवाद निघतात, मग शक्यता तरी बघा. एकदा घसरलेला पुन्हा घसरण्याची भीती जास्त. असेल. ते मी नाकारत नाही. पण गोन्झालेसच्या गोष्टीत मला सर्वांत धक्कादायक वाटतो तो गोन्झालेस नव्हे. इतक्या वर्षांत तो काय करतोय हे त्याला पैसे देणाऱ्यांपैकी कुणालाच कळलं नाही, हे मला जास्त धक्कादायक वाटतं. त्याच्यावर विश्वास टाकला असं म्हणतात. मला तर तो आळस वाटतो. आणि तो आळस आपल्या ओळखीचा आहे. कामाच्या निमित्ताने मी ज्या पतसंस्थांमध्ये गेलो आहे, तिथलं चित्र असं: सर्व्हर साहेबांच्या केबिनमागच्या अडगळीत, वर बंद पडलेला यूपीएस. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर अ‍ॅडमिनचा पासवर्ड, शेवटी @123. सॉफ्टवेअरवाल्या व्हेंडरला कधीही आत येता यावं म्हणून एनीडेस्क, म्हणजे दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर, कायम चालू. त्या व्हेंडरकडे आज कोण काम करतो, मागच्या वर्षी कोण सोडून गेला, हे संस्थेतल्या एकालाही ठाऊक नाही. सोडून गेलेल्याचा पासवर्ड मात्र चालू. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर 2018 मध्ये सायबर सुरक्षेचे नियम घालून दिले. पतसंस्था त्या कक्षेत येतच नाहीत. ते नियम येण्याआधी दोनच महिने, ऑगस्टमध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात 94 कोटी रुपये गेले होते. अशा अडगळीत उभं राहून तपासायला आलेल्या मुलाचं चारित्र्य विचारणाऱ्या संचालकाला काय उत्तर द्यावं?

बरं, 'माजी हॅकर' म्हणजे नक्की कोण, हे तरी या वादात कुणी ठरवलंय का? आपल्याकडे गुन्हा दाखल झाला की माणूस गुन्हेगार, निकाल लागायची वाट बघायला सवड कुणाला? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 नुसार मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत शिरलं की भरपाईची जबाबदारी येते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलं तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद. हेतू न्यायालयात ठरतो, पण एफआयआर आधीच झालेला असतो. एखाद्या कॉलेजच्या निकालाच्या संकेतस्थळात फट दिसली आणि एखाद्या मुलाने प्राचार्यांना मेल केला, तर त्याचे आभार मानले जातील की सायबर पोलीस ठाण्यात त्याच्या नावाचा अर्ज जाईल, हे प्राचार्यांच्या मूडवर अवलंबून. सद्हेतूने फट दाखवणाऱ्याला संरक्षण देणारं स्पष्ट कलम आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने निदान मे 2022 मध्ये धोरण जाहीर केलं की अशा प्रामाणिक संशोधनावर खटले भरायचे नाहीत. आपल्याकडे ते होईस्तोवर चारित्र्य पडताळणीच्या अर्जातला 'आपल्यावर गुन्हा दाखल आहे काय' हा रकाना निकालाचं संकेतस्थळ तपासणारा आणि म्हातारीचा ओटीपी काढून घेणारा, दोघांना एकाच रांगेत उभं करतो. पतसंस्थेच्या त्या मुलाने नेमकं काय केलं होतं, हे इतक्या चर्चेत मी एकदाही ऐकलं नाही.

मला विचाराल तर तेच आधी विचारायला हवं होतं. काय केलं, कुणाचं काय गेलं, आणि मुख्य म्हणजे थांबलास कधी? पकडल्यावर की आधी? मार्कस हचिन्स या ब्रिटिश सायबर तज्ज्ञाचं उदाहरण मला यासाठी महत्त्वाचं वाटतं. मे 2017 मध्ये फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या वर्मने जगभर थैमान घातलं तेव्हा एक डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव, नोंदवून त्याने ते थोपवलं, रातोरात नायक झाला. ऑगस्टमध्ये लास व्हेगासला त्याला अटक झाली, कारण काही वर्षांपूर्वी बँकखात्यांचे पासवर्ड चोरणारं क्रोनोस हे सॉफ्टवेअर त्यानेच लिहिलं होतं. त्याने 2019 मध्ये गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी त्याला आणखी तुरुंगवास दिला नाही, कारण पोलीस दारात यायच्या कितीतरी आधी त्याने वाट बदललेली होती. त्याने केलेलं काम चांगलं होतं म्हणून क्रोनोसचे बळी विसरायचे नाहीत. पण पकडला गेल्यावर पश्चात्ताप होणारे पुष्कळ असतात. कुणी बघत नसताना थांबलेला माणूस कामाचा.

कायमच्या शिक्क्याचं काय होतं, हे आपल्या मातीला ठाऊक आहे. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, शिक्का अजून पुसला जात नाही. जन्माने लादलेला कलंक आणि स्वतःच्या हाताने केलेला गुन्हा यांची बरोबरी मी करत नाही, करूही नये. पण नोंद कधीच मिटत नसेल तर माणसाला सरळ वाटेला लावायचं निमित्तच उरत नाही, एवढं दोन्हीकडे सारखं. त्याच इंग्रजांनी 1825 मध्ये शेजारच्या खानदेशात दुसरं काही केलं होतं. ज्यांचे परंपरेने चालत आलेले हक्क बुडाले आणि ज्यांना सरकार दरोडेखोर म्हणत होतं, त्या भिल्लांना आउटरम या इंग्रज अधिकाऱ्याने माफी देऊन, नियमित पगार आणि कवायत लावून भिल्ल पलटणीत घेतलं. यात साम्राज्याचा स्वार्थ होताच. तरी पलटण टिकली ती आउटरमच्या भिल्लांशी असलेल्या नुसत्या दोस्तीवर नव्हे; पगार वेळेवर होत होता आणि हजेरी रोज होत होती. आटपाडीजवळ औंध संस्थानाने 1939 मध्ये स्वतंत्रपूर वसवलं, तिथे कैदी बायकामुलांसह बिनभिंतीचे राहून शेती करत. आपल्या अल्पवयीनांच्या कायद्यातही, काही अतिगंभीर गुन्हे सोडले तर, जुनी नोंद नष्ट करायची तरतूद आहे. आणि असल्या उद्योगांत सापडणारी पोरं कितीदा सोळा-सतरा वर्षांचीच असतात.

यावर एक जण मला म्हणाला, "अहो, नाशिक रोड जेलमध्ये कैद्यांनी केलेले गणपती आपण दरवर्षी घेतो, तेव्हा कुणी विचारतं का मूर्ती कुणी घडवली?" युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण मला पटला नाही. मूर्ती घरी आणली की व्यवहार संपला. मूर्ती घडवणाऱ्याला माझ्या खात्यातली शिल्लक दिसत नाही. सुरक्षेच्या कामात माणूस आत राहतो. म्हणून तिथे दया आणि हिशेब दोन्ही लागतात. चालत्या यंत्रावर एकट्याला प्रवेश नको, शेजारी दुसरा बसलेला हवा. तपासणीपुरताच पासवर्ड, काम संपलं की बंद. काय बघितलं, किती वाजता बघितलं, याची नोंद अशा जागी जाते जिथे त्याचा हात पोचत नाही. बॅकअप आणि लॉग एकाच्या ताब्यात नाहीत. हे सगळं पतसंस्थेच्या त्या मुलासाठी करा, आणि तेच अहवालावर सही करणाऱ्या त्याच्या निष्कलंक मालकासाठी, व्हेंडरसाठी, तुमच्या पंचवीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या अकाउंटंटसाठीही करा. सगळ्यांना सारखं असेल तर कुणाचा अपमान होत नाही.

आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याबद्दल दोन्हीकडचे लोक अळीमिळी गुपचिळी करून बसले आहेत. गुन्हा दाखल झालेल्या मुलाला घेणारे सगळेच उदार मनाने घेतात असं नाही. तो स्वस्तात मिळतो. ज्या कामाचे पुण्यात महिना साठ-सत्तर हजार मागतील ते काम इथे वीस हजारांत होतं, कारण तो दुसरीकडे जाऊ शकत नाही आणि मालकाला ते ठाऊक असतं. नेमणूकपत्र नाही, पीएफ नाही, ग्राहकाच्या यंत्रणेत शिरायची लेखी परवानगी त्याच्या नावावर नाही. उद्या काही चुकलं तर पहिलं नाव त्याचंच पुढे करायचं. पोलीसही कधी एखाद्या अशा मुलाला तपासात 'जरा मदत कर' म्हणून बसवून घेतात, ना आदेश ना मानधन, आणि मग त्याने काय उघडलं, काय पाहिलं याची कागदावर काहीच खूण राहत नाही. सीक्रेट सर्व्हिसने गोन्झालेसला रोखीत पैसे दिले, तशातलाच हा प्रकार. ज्याला उजळ माथ्याने काम करू दिलं जात नाही, त्याला अंधारातली गिऱ्हाईकं शोधायला आपणच धाडतो. त्या पतसंस्थेच्या संचालकांना मुलाचा भूतकाळ विचारायचा हक्क आहे. त्यांनी कंपनीच्या मालकालाही विचारावं, की या मुलाला पगार किती देता, कराराच्या कागदावर त्याचं नाव आहे का, आणि त्याच कामाचे इतरांना किती देता.